जुनी सिरिंज, नवं दालन: आरोग्यसेवेच्या इतिहासाचं प्रदर्शन आणि व्याख्यानं उभी करताना

काचेच्या जुन्या सिरिंजच्या नळीवर आणि दट्ट्यावर एकच आकडा कोरलेला असतो. ४७ च्या नळीत ४७ चाच दट्ट्या. प्रत्येक जोडी एकमेकीत घासून बसवलेली, त्यामुळे उकळताना सरमिसळ झाली की औषध मागून गळायचं. हे मला एका निवृत्त सिस्टरांनी शिकवलं. आम्ही मांडलेल्या पहिल्याच प्रदर्शनात त्या काचपेटीपाशी थांबल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “अहो, हा दट्ट्या या नळीचा नाही.” आमची पाटी होती: ‘काचेची सिरिंज, विसावं शतक’. मग त्यांनी दहा मिनिटं सांगितलं. सुया दगडावर घासून धार कशी लावायची, आत गंज धरू नये म्हणून बारीक तार कशी ओवून ठेवायची, टोक वळलंय का हे बघायला सुई कापसावरून कशी ओढायची. तंतू अडकला की सुई पुन्हा दगडावर. त्या दिवशी प्रदर्शनातली सगळ्यात चांगली गोष्ट काचेच्या आत नव्हती, बाहेर उभी होती.

तेव्हापासून मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारतो: ही कोणाच्या हातात होती? एखादं रुग्णालय, परिचारिका महाविद्यालय, डॉक्टरांची संघटना किंवा ग्रंथालय आरोग्यसेवेच्या इतिहासाचं छोटं दालन उघडणार असेल, सोबत चार व्याख्यानं ठेवणार असेल, तर खाली लिहिलेलं उपयोगी पडेल. हाताशी निदान आठ-नऊ महिने ठेवा. दोन महिन्यांत होतं म्हणणाऱ्याने नोंदवही केलेली नसते.

विषय अरुंद करा

‘वैद्यकशास्त्राची वाटचाल’ हा विषय घेऊ नका. चार काचपेट्यांत तीन हजार वर्षं मावत नाहीत, आणि मावली तरी ती सगळीकडे सारखीच दिसतात: डावीकडे प्राचीन वैद्य, मध्ये सूक्ष्मदर्शक, उजवीकडे चकचकीत यंत्राचा फोटो. त्याऐवजी एक प्रश्न घ्या. ‘ताप कोण मोजायचं?’ हा मला आवडणारा प्रश्न. १८६७ च्या आधीचे थर्मामीटर साधारण फूटभर लांबीचे असत आणि आकडा स्थिरावायला वीस मिनिटं लागत. इतका वेळ कोणत्या डॉक्टरकडे होता? थॉमस ऑलबट या इंग्लिश डॉक्टरांनी त्या वर्षी सहा इंची थर्मामीटर आणला, पाच मिनिटांत वाचता येणारा, आणि ताप बघणं रोजच्या कामात बसलं. यातून नोंदीचे तक्ते येतात, रात्रपाळी येते, सिस्टर येतात. एका नळीतून सगळा वॉर्ड दिसतो.

किंवा ‘हातमोजे कोणासाठी?’ आज कोणीही सांगेल, संसर्ग टाळायला. पण अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड या शल्यविशारदांनी १८९० च्या सुमारास रबरी मोजे बनवून घेतले ते कॅरोलाइन हॅम्प्टन या त्यांच्या मुख्य शल्यगृह-परिचारिकेसाठी. हात धुण्याच्या मर्क्युरिक क्लोराईडने तिच्या हातांची कातडी सोलवटली होती. रुग्णाला फायदा होतो हे पुढे लक्षात आलं. या गोष्टीवर एक अख्खी काचपेटी उभी राहते, आणि मोज्यांची जोडी मिळवणं काही अवघड नाही.

माळा, तळघर, कपाटाच्या मागे

विषय ठरला की शोध. जुन्या संस्थेत वस्तू नेहमी तिथे असतात जिथे कोणी बघत नाही. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाचं १८२२ मधलं स्त्रियांचं शल्यगृह एका चर्चच्या माळ्यावर होतं. १८६२ मध्ये रुग्णालय दुसरीकडे गेलं आणि ते शल्यगृह विसरलं गेलं. रेमंड रसेल यांनी ते १९५६ मध्ये शोधलं, आणि १९६२ पासून ते संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुलं आहे. जवळजवळ शंभर वर्षं एक अख्खी खोली गायब होती. तुमच्याकडे निदान एखादं कपाट तरी निघेलच.

मात्र कपाट उघडण्याआधी हे वाचा. साधारण वारसासंग्रहालयांचे सल्ले इथे पुरत नाहीत, कारण दवाखान्याच्या जुन्या वस्तू खरोखर इजा करतात.

पिक्रिक ॲसिड. भाजलेल्या जखमांवर ते एके काळी वापरलं जायचं. बाटलीत सुकलं की ते स्फोटक बनतं, आणि झाकणाच्या आट्यांत अडकलेले खडे नुसत्या घर्षणाने पेट घेऊ शकतात. पिवळे खडे असलेली जुनी बाटली दिसली की हात लावू नका, हलवू नका, झाकण फिरवून बघण्याचा मोह तर अजिबात नको. खोली बंद करून तज्ज्ञांना बोलवा. जुन्या ईथरच्या डब्यांनाही हाच नियम, कारण त्यात स्फोटक पेरॉक्साईड साचतात.

एक्स-रेच्या जुन्या फिल्म. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये साठवलेल्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म पेटल्या आणि १२३ माणसं गेली, त्यातली बहुतेक विषारी वायूने. पिवळ्या पडलेल्या, चिकट झालेल्या फिल्मचे गठ्ठे सापडले तर ते इमारतीत ठेवू नयेत, आणि त्यांची विल्हेवाट अग्निशमन दलाच्या सल्ल्याने लावावी. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती बहुधा ॲसिटेट फिल्म असते. ती पेटत नाही तितकी, पण शेजारच्या फिल्म खराब करते. वेगळी ठेवा.

रेडियम. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रेडियमच्या सुया उपचारात होत्या, आणि ‘आरोग्यदायी’ किरणोत्सारी पाणी बनवणारे माठही विकले जात. एखादी वस्तू त्या काळातली असल्याचा संशय आला तर किरणोत्सार मोजणाऱ्या माणसाला आधी बोलवा, छायाचित्रकाराला नंतर.

पारा. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. एका उद्घाटनाला आम्ही ब्लड प्रेशरचं पाऱ्याचं जुनं मशीन ‘हाताळून बघा’ टेबलावर ठेवलं. प्रमुख पाहुण्यांनी हौसेने फुगा दाबला, आणि वरच्या टोकाची कुजकी चकती सुटून पारा टेबलावरून फरशीवर गेला. खोली रिकामी करावी लागली. कोणीतरी उत्साहाने व्हॅक्यूम क्लीनर आणायला निघालं होतं, त्याला धावत जाऊन अडवलं, कारण त्याने पाऱ्याची वाफ खोलीभर पसरते. खिडक्या उघडायच्या, जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र करायचे, ड्रॉपरने उचलून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवायचे आणि बाटली घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे. त्यामुळे पाऱ्याचं उपकरण दाखवायचं असेल तर बंद काचेत, खाली कड असलेल्या ट्रेमध्ये.

उरलेल्या सगळ्या वस्तूंना नायट्रिलचे मोजे घालूनच हात लावा. सुया, ब्लेड, तुटलेल्या ॲम्प्युल (इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या कुप्या) जाड डब्यात. वाळलेलं रक्त दिसलं तर खरवडू नका.

आणि ब्रासो लावू नका. पितळेला चकाकी आणायचा उत्साह प्रत्येक संस्थेत एकाला तरी असतोच. त्या चकाकीबरोबर बनवणाऱ्याचं कोरलेलं नाव जातं, आणि उकळत्या पाण्याने चाळीस वर्षांत चढवलेला रंगही जातो.

नोंदवही

हे काम कंटाळवाणं आहे आणि यावरच सगळं उभं राहतं. प्रत्येक वस्तूला तीन भागांचा क्रमांक द्या: वर्ष, त्या वर्षीची कितवी देणगी, त्यातली कितवी वस्तू. २०२५.६.३ म्हणजे २०२५ मधल्या सहाव्या देणगीतली तिसरी वस्तू. पुढे वस्तूचं नाव, मापं, अवस्था, कोणी दिली, कुठे वापरली जायची, दोन फोटो. क्रमांक थेट वस्तूवर पेनाने लिहायचा नाही. धातू आणि काचेवर पारदर्शक ॲक्रिलिक रेझिनचा पातळ थर, त्यावर क्रमांक, वर पुन्हा थर; हा थर पुढे काढता येतो. गणवेशाला सुती फीत टाचायची. कागदावर मऊ पेन्सिल. सेलोटेप कशालाच नाही.

देणगीच्या फॉर्मवर सही घ्याच. ‘बघायला दिलंय’ आणि ‘कायमचं दिलंय’ यांतला फरक देणाऱ्याच्या मुलाला पाच वर्षांनी आठवतो, तुम्हाला नाही. फॉर्मवर एक ओळ अशीही हवी की वस्तू कायम मांडून ठेवण्याचं बंधन संस्थेवर नाही.

लोकरीच्या जुन्या शाली, गणवेश यांत कीड असू शकते. पॉलिथीनमध्ये हवाबंद करून उणे वीस अंशांवर दोन आठवडे ठेवा, मगच बाकीच्यांच्या शेजारी न्या. रबर मात्र वेगळं प्रकरण आहे. जुनी रबरी नळी एक तर चिकट होते नाहीतर बिस्किटासारखी तुटते. तिच्यातल्या गंधकाने शेजारची चांदीची उपकरणं काळी पडतात. रबराला स्वतःचा डबा द्या, अंधारात.

ज्यांनी हे वापरलं त्यांना बोलतं करा

डॉक्टर बोलतातच. त्यांना शोधावं लागत नाही, त्यांची तैलचित्रं भिंतीवर असतात. शोधायचं असतं जखमा बांधणाऱ्या ड्रेसरला, वाफेने निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह यंत्र चालवणाऱ्याला, लाँड्रीतल्या बाईंना, रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला, वर्षानुवर्षं एकाच आजारासाठी येणाऱ्या रुग्णाला.

वस्तू समोर ठेवून मुलाखत घ्या. हात आपोआप बोलायला लागतात. एका निवृत्त कर्मचाऱ्याला मी नुसतं विचारलं, “पूर्वी काम कसं चालायचं?” उत्तर आलं, “चांगलं चालायचं.” मग ऑटोक्लेव्हमध्ये सामान ठेवायचा जुना ड्रम पुढे केला. त्यांनी न बघता बाजूची पट्टी सरकवली, भोकं बंद केली आणि म्हणाले, “वाफ घेताना उघडी, बाहेर काढल्यावर लगेच बंद. एकदा विसरलो होतो, सगळा ड्रम परत लावायला लागला, आणि सर ऑपरेशन थिएटरात ताटकळत उभे.” हे रेकॉर्डिंग आज त्या ड्रमशेजारी ऐकायला मिळतं, एक मिनिट वीस सेकंदांचं. त्याहून लांब ठेवू नका, लोक हेडफोन काढून ठेवतात.

प्रश्न नेमका हवा. ‘पहिली रात्रपाळी आठवते?’ ‘कशाचा वास यायचा?’ ‘कोणाला घाबरायचात?’ रेकॉर्डिंग कुठे वापरलं जाईल याची लेखी संमती मुलाखतीनंतर घ्या, आधी नव्हे. काय बोललो हे कळल्यावरच माणूस खरी संमती देऊ शकतो. नाव नको असेल तर नाव नको.

गोष्ट तपासून घ्या

वैद्यकाच्या इतिहासात सुबक गोष्टींचा सुळसुळाट आहे. सगळ्यात प्रसिद्ध जॉन स्नो या डॉक्टरांची: १८५४, लंडन, ब्रॉड स्ट्रीट, कॉलऱ्याची साथ, स्नो यांनी नकाशा काढला, दूषित पंप ओळखला, त्याचा दांडा काढायला लावला, साथ थांबली. दांडा ८ सप्टेंबरला निघाला हे खरं. पण तोवर साथ ओसरू लागली होती, लोक वस्ती सोडून गेले होते, आणि हे स्वतः स्नो यांनीच लिहून ठेवलंय. प्रसिद्ध नकाशा दांडा काढल्यानंतर तयार झाला. साथीचा पहिला रुग्ण, पंपासमोरच्या घरातलं तान्हं बाळ, शोधून काढलं ते हेन्री व्हाइटहेड या तरुण धर्मोपदेशकाने. तो आधी स्नो यांचं म्हणणं खोडून काढायला निघाला होता आणि दारोदार विचारत फिरता फिरता त्याचंच मत पालटलं.

मला ही खरी गोष्ट जास्त आवडते. तिच्यात एकटा बुद्धिमान माणूस नाही, दोन माणसं आहेत, आणि दुसऱ्याकडे होती ती फक्त वस्तीची ओळख. तुमच्या संस्थेच्या गोष्टीतही असा व्हाइटहेड असणार. ‘पहिलं’, ‘एकमेव’, ‘सर्वांत जुनं’ हे शब्द पाटीवर जाण्याआधी कागद मागा. कागद नसेल तर शब्द काढून टाका. वाक्य सहसा सुधारतंच.

आकडे हातात द्या

इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टरांचं उदाहरण घ्या. व्हिएन्नाच्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात ११.४ टक्के बायका दगावल्या, दुसऱ्यात २.८ टक्के. बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या विनवण्या करत. मार्च १८४७ मध्ये झेमेलवाइस यांचे सहकारी याकोब कोलेचका शवविच्छेदनात सुरीने जखम होऊन वारले, आणि त्यांची लक्षणं त्या बायकांसारखीच होती. मग उलगडा झाला: विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतीच्या खोलीत येत, सुईणी शवागारात जातच नव्हत्या. मे महिन्यापासून क्लोरीनच्या द्रावणात हात धुणं सक्तीचं झालं. एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण १८.३ टक्के होतं, जूनमध्ये २.२.

हे भिंतीवर आलेखात लावलं तर माणसं पुढे सरकतात. आम्ही दोन काचेच्या बरण्या ठेवल्या, प्रत्येकीत शंभर मणी. एकीत अकरा काळे, दुसरीत तीन. वर एकच ओळ: ‘डोळे मिटून एक मणी काढा.’ एक मुलगी पहिल्या बरणीपाशी आली, हात आत घातला आणि तसाच बाहेर काढला. म्हणाली, “मी दुसऱ्या बरणीतून काढते.” तिच्या आईने माझ्याकडे बघितलं. पाटीवर काही लिहायची गरजच उरली नाही.

पाट्या, उजेड, उंची

एका वस्तूची पाटी पन्नास-साठ शब्दांत संपवा. पहिल्या वाक्यात अशी गोष्ट हवी जी वस्तूकडे बघूनच कळेल, म्हणजे वाचणाऱ्याची नजर पाटीवरून परत वस्तूकडे जाते. वर्ष आणि साहित्य सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात. ‘क्रांतिकारी’, ‘अमूल्य’ हे शब्द वर्ज्य.

आमच्या सिरिंजची पाटी आता अशी आहे: ‘नळीवरचा आणि दट्ट्यावरचा आकडा बघा. जोडी चुकली की औषध गळायचं. रोज पहाटे रात्रपाळीच्या सिस्टर उकळलेल्या ढिगातून जोड्या लावत. काचेची सिरिंज, दोन मिलिलिटर.’

कागद, रंगीत कापड यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको. तीन महिन्यांनी पान उलटा किंवा वस्तू बदला. खिडकीसमोर गणवेश टांगणं म्हणजे तो रोज थोडा थोडा धुऊन टाकणं. हवेतली आर्द्रता एकसारखी राहणं महत्त्वाचं. ५० टक्क्यांच्या आसपास बहुतेक वस्तूंना मानवतं, गंजणाऱ्या लोखंडाला त्याहून कोरडं लागतं. उंचीचं म्हणाल तर एकदा चाकाच्या खुर्चीत बसून दालनात फेरी मारा. रुग्णालयाच्या इतिहासाचं दालन आणि चाकाच्या खुर्चीतून काचेत फक्त छताचं प्रतिबिंब दिसतं, हा विनोद मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलाय.

काय दाखवायचं नाही

केसपेपरवर माणसाचं नाव असतं, आणि आजारही. माणूस गेला तरी नातवंडं असतात. मनोरुग्ण, क्षय, कुष्ठ, गुप्तरोग, गर्भपात या नोंदींत तर फारच जपून. कायद्याने किती वर्षांची मुदत सांगितलीय ते बघा आणि त्यानंतरही नाव झाका. रुग्णांचे जुने फोटो ‘किती बोलके’ असतात, पण त्यांतल्या माणसाला कोणी विचारलेलं नसतं.

मानवी अवशेषांबद्दल मी कडक आहे. चार्ल्स बर्न हा अतिउंच माणूस १७८३ मध्ये वारला. आपला देह शवविच्छेदकांच्या हाती लागू नये म्हणून त्याने समुद्रात दफन मागितलं होतं. जॉन हंटर या शल्यविशारदांनी तो मिळवलाच, आणि सांगाडा लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात दोनशेहून अधिक वर्षं उभा राहिला. २०२३ मध्ये ते संग्रहालय नूतनीकरणानंतर उघडलं तेव्हा सांगाडा प्रदर्शनात नव्हता, पण संग्रहात अजून आहे. ज्याची संमती कळत नाही असा अवशेष छोट्या दालनाने मांडूच नये. बरणीभोवती गर्दी होते म्हणून तर नाहीच नाही.

उलट, झाकलेली माणसं दाखवण्याची जागा इथेच आहे. जे. मॅरियन सिम्स यांना स्त्रीरोगशास्त्राचे जनक म्हणून मिरवलं गेलं. त्यांनी शस्त्रक्रिया शिकल्या त्या गुलाम स्त्रियांवर, भुलीशिवाय. अनार्चा, बेट्सी, लूसी ही त्यांतली तीन नावं उरली आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्स यांचा पुतळा २०१८ मध्ये हलवला गेला. संस्थेच्या संस्थापकांबद्दल असं काही कागदांत सापडलं तर ते वगळायचा दबाव येईल. तेव्हा विश्वस्तांशी बोलणं पाटी छापण्याआधी करा, उद्घाटनाच्या आदल्या रात्री नको.

व्याख्यानं

शरीर आणि आजार यांवर लोकांसमोर बोलण्याची परंपरा जुनी आहे. पादुआ विद्यापीठात १५९४ मध्ये शवविच्छेदनासाठी कायमची लंबगोल, उभी चढती रंगशाळा बांधली गेली. हिवाळ्यात, प्रेत टिकेल अशा दिवसांत, विद्यार्थी कठड्यांना रेलून उभे राहून बघत. बसायला जागाच नव्हती, आणि तरी भरायची. आपल्याकडे खुर्च्या असतात आणि पहिल्या दोन रांगा रिकाम्या.

व्याख्यान दालन उघडण्याच्या आधी सुरू करा. महिन्याला एक, तीन महिने. त्यातून देणगीदार मिळतात, मुलाखतीची माणसं मिळतात आणि उद्घाटनाला येणारा श्रोता तयार होतो. एकच वक्ता बोलवण्यापेक्षा जोडी बसवा: एक इतिहासाचा अभ्यासक, एक ते काम केलेला माणूस. अभ्यासकाला वीस मिनिटं, दुसऱ्याला पंधरा, मग पंचवीस मिनिटं प्रश्न. वक्त्याला निमंत्रणातच तीन गोष्टी लिहून पाठवा: श्रोते डॉक्टर नाहीत, स्लाइड पंधराच्या वर नकोत, आणि टेबलावर एक खरी वस्तू असेल, बोलणं तिच्यापासून सुरू व्हावं.

सत्कारात वेळ घालवू नका. वक्त्याची ओळख एका मिनिटात. त्याच्या पदव्यांची यादी त्यालाही ऐकवत नाही.

शस्त्रक्रियेची, जखमांची चित्रं असतील तर आधी तोंडी सांगा आणि दाखवायच्या क्षणी पुन्हा सांगा. कोणी तरी चक्कर येऊन पडतंच. बहुतेक वेळा तरणाबांड माणूस असतो, मागे भिंतीला टेकून उभा. त्याला आडवं करायचं, पाय उंच करायचे, लगेच उठू द्यायचं नाही. एक परिचारिका श्रोत्यांत कुठे बसलीय हे आयोजकाला माहीत असावं.

प्रश्नांच्या वेळी दोन प्रसंग हमखास येतात. पहिला: कोणी तरी स्वतःचा आजार काढतं. “माझ्या गुडघ्याला तीन वर्षांपासून...” सूत्रसंचालकाने हसून पण ठाम सांगायचं की ते नंतर, खाली, आणि तेही सल्ला म्हणून नाही. दुसरा: कोणी तरी उठून लसींविरुद्ध बोलतं. भांडू नका, विषयाकडे परत आणा. लसीचा विरोध लसीइतकाच जुना आहे. इंग्लंडने १८५३ मध्ये बाळांना देवीची लस सक्तीची केली, १८८५ मध्ये लेस्टर शहरात त्याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला आणि १८९८ मध्ये कायद्यात विवेकाच्या आधारे नकाराची सूट आली. लोक का चिडले होते, दंड कोणाला परवडत नव्हता, आणि तरीही १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर कसं झालं, हे तिन्ही सांगितलं की सभागृह शांत होऊन ऐकतं. प्रश्न विचारणाराही, निदान माझ्या अनुभवात.

माईक प्रश्नकर्त्याच्या हातात देऊ नका, स्वयंसेवकाने धरायचा. कारण सांगायला नको.

उद्घाटन

तारीख शोधताना ७ एप्रिलचा जागतिक आरोग्य दिन, १२ मेचा परिचारिका दिन, १८ मेचा संग्रहालय दिन या सोयीच्या आहेत. क्ष-किरणांवर दालन असेल तर ८ नोव्हेंबर; रंटगेन यांना १८९५ मध्ये त्याच दिवशी ते दिसले. मात्र जागतिक दिनांना मोठे पाहुणे दुसरीकडे गुंतलेले असतात. मला त्यात फायदाच वाटतो.

आदल्या दिवशी, कॅमेरे आणि पाहुणे नसताना, ज्यांनी वस्तू दिल्या आणि मुलाखती दिल्या त्यांना दालन दाखवा. चुका तेच काढतात, आणि एक रात्र हाताशी असते. चुकीच्या जोडीचा दट्ट्या आम्हाला असाच टाळता आला असता.

मुख्य दिवशी भाषणं सगळी मिळून पंधरा मिनिटं. एका ठिकाणी ती दीड तास चालली; सभागृहातून दालनाकडे निघेपर्यंत म्हाताऱ्या सिस्टर घरी गेल्या होत्या, कारण त्यांची गाडी खाली थांबलेली होती. फीत कापायला मंत्री किंवा अधिष्ठाता हवेतच असं नाही. तिथल्या सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याच्या हाती कात्री द्या, जमल्यास संग्रहातली नव्हे. संग्रहातली कात्री वापरायची कल्पना प्रत्येक वेळी कोणी तरी मांडतं आणि ती प्रत्येक वेळी नाकारावी लागते.

आत एका वेळी किती जण, हे आधी चालून ठरवा. काचपेटीपुढे तिघे उभे असताना चौथ्याला मागून जाता आलं पाहिजे. प्रत्येक खोलीत एक स्वयंसेवक, आणि त्याला पाठ केलेलं भाषण नको, फक्त तीन वस्तूंच्या गोष्टी माहीत हव्यात. सुटी काचपेटी कुलपात, किल्ली एकाच माणसाकडे, दुसरी किल्ली इमारतीबाहेर. बाहेर पडताना जाड कागदाचे कोरे तुकडे आणि पेन्सिली ठेवा: ‘तुमच्या घरातली दवाखान्याची आठवण’. अभिप्रायवहीत लोक ‘स्तुत्य उपक्रम’ लिहितात. या तुकड्यांवर ते आजीच्या प्लास्टरबद्दल लिहितात.

दुसऱ्या दिवसापासून

सकाळी पहिलं काम, सगळ्या वस्तू मोजून नोंदवहीशी पडताळणं. मग फोन सुरू होतील: “आमच्याकडे आजोबांची बॅग आहे, घेता का?” उत्साहात हो म्हणू नका. तीन गोष्टी विचारा. आजोबा ती घेऊन कुठे जायचे? आत काय आहे, बाटल्या आहेत का? आणि हे सगळं आठवणारं घरात कोणी आहे का? बाटल्या असतील तर बॅग बंदच राहू द्या म्हणावं, आपणच जाऊन बघावी. आठवणारं कोणी असेल तर बॅगेच्या आधी त्यांची वेळ घ्यावी, आणि जाताना रेकॉर्डर चार्ज केलेला न्यावा.